गुरुवारचे केस

"डोळे मिटा," पद्मिनी म्हणाली आणि मिसेस ग्रेट्झच्या कपाळापाशी तळहाताचा आडोसा धरून तिने स्प्रे मारायला सुरुवात केली.

सलूनभर गोडसर, घशात बसणारा वास पसरला. पलीकडच्या खुर्चीत केसांना चंदेरी कागद लावून बसलेली एक मुलगी खोकली आणि तिने कपाळाला आठ्या घातल्या. मिसेस ग्रेट्झना त्या वासाचं काहीच वाटत नव्हतं. स्प्रे थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि दर गुरुवारचं वाक्य म्हटलं, "चला, आता मी माणसांत आले."

कपाळापासून मागे उंच चढत गेलेला फुगा आणि कानांखाली येऊन बाहेरच्या बाजूला वळलेली टोकं. १९६१ साली या पार्सिपनी गावातल्या निम्म्या बायका अशाच दिसत होत्या म्हणे. पुढे त्यांनी केस सरळ केले, कापले, कुरळे केले, कंटाळून पुन्हा सरळ केले. मिसेस ग्रेट्झ मात्र जिथे होत्या तिथेच राहिल्या. एकदा मनासारखं जमलेलं उगाच का बिघडवायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या, नवरा गेला, केस पांढरे होऊन त्यांत निळसर झाक आली. फुगा तेवढा तसाच राहिला होता.

या वयाच्या बायकांची रीत पद्मिनीला समजायला सुरुवातीला बराच वेळ लागला होता. केस आठवड्यातून एकदा सलूनमध्ये धुवायचे, रोलर लावायचे, मोठ्या घुमटासारख्या ड्रायरखाली बसून ते वाळवायचे, मग उलटा कंगवा मारून फुगवायचे आणि स्प्रेने पक्के करायचे. पुढच्या गुरुवारपर्यंत त्यांना पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. घरी धुवायचे तर नाहीतच, पण विंचरायचेही नाहीत. रात्री डोक्याला टॉयलेट पेपर गुंडाळून सॅटिनच्या उशीवर झोपायचं. पाऊस आलाच तर पर्समध्ये घडी केलेलं प्लास्टिकचं टोपडं तयार. सांगलीत दर रविवारी शिकेकाईने न्हायलेल्या पद्मिनीला हे ऐकून आधी हसू आलं होतं, मग कीव आली होती आणि शेवटी त्याची गोडी लागली होती. कारण एकदा हे मान्य केलं, की त्या डोक्याची सगळी जबाबदारी आपल्यावर आली.

आणि फुगा काही तिला परका नव्हता. सांगलीत कॉलेजला असताना तीही फुगा काढायची. फुगा बसू नये म्हणून भावाचा मोजा गुंडाळून केसांखाली घालायची. एकदा ऐन तासाला तो मोजा बाहेर आला आणि वर्गातल्या मुलांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. हे तिने एका गुरुवारी मिसेस ग्रेट्झना सांगितलं, तेव्हा त्या ड्रायरखाली गदागदा हसल्या होत्या. "मोजा? अगं, मी संत्र्याच्या रसाच्या रिकाम्या डब्यांवर केस गुंडाळून झोपायचे! वॉल्टर म्हणायचा, रसवंतीत झोपल्यासारखं वाटतं." त्या दिवसापासून दोघींचं जमलं. म्हणजे मिसेस ग्रेट्झ तिला 'पॅम' म्हणत राहिल्या आणि ती त्यांना 'मिसेस ग्रेट्झ'. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे ब्रिआना. ब्रिआना सलूनची नवी मालकीण. वयाने लहान, स्वभावाने गोड आणि व्यवहाराला पक्की. तिने रंग बदलले, खुर्च्या बदलल्या, आणि आता तिला भिंतीपाशी रांगेत उभे असलेले ते घुमटवाले ड्रायर काढून तिथे पाय भिजवायच्या खुर्च्या मांडायच्या होत्या. पद्मिनीला तिने हौसेने विचारलंही होतं, "पॅम, हायलाइट्स शिकतेस? मी शिकवते." एकसष्टाव्या वर्षी पद्मिनीला पुन्हा शिकाऊ व्हायचं नव्हतं. तशी तिची गिऱ्हाइकंही उरली नव्हती. कोणी फ्लोरिडाला गेलं, कोणी नर्सिंग होममध्ये, बाकीच्या गेल्याच. गुरुवारच्या या एकट्या बाई उरल्या होत्या, आणि सप्टेंबरातला हा शेवटचा गुरुवार पद्मिनीचाही सलूनमधला शेवटचा होता.

मिसेस ग्रेट्झनी कोट चढवला. पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"मग पॅम, आता मी काय करायचं?"

पद्मिनी याच प्रश्नाची वाट पाहत होती. गेले कितीतरी दिवस तिने मनात सगळं ठरवून टाकलं होतं. "माझ्या घरी या. एक ड्रायर मी घेऊन जातेय, ब्रिआना तो फेकूनच देणार आहे. तळघरात सिंक आहे, आरसा लावते. पैशांचं नाव काढायचं नाही."

"तुझ्या घरी?" मिसेस ग्रेट्झ म्हणाल्या. "अगं, पण तुला त्रास... कधी येऊ?"

"केव्हाही या," पद्मिनी मनापासून म्हणाली. "तुमचंच घर आहे."

सलूनच्या कार्डामागे तिने पत्ता आणि फोन लिहून दिला. मिसेस ग्रेट्झनी कार्ड वाचलं, नीट पर्समध्ये ठेवलं आणि हसून म्हणाल्या, "तू फार चांगली आहेस." मग त्या गेल्या. काचेच्या दारातून तो फुगा गाडीपर्यंत जाताना पद्मिनीने पाहिला. तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या दोघी सलूनबाहेर एकदाच भेटल्या होत्या, बर्फात मिसेस ग्रेट्झची गाडी सुरू होईना तेव्हा तिने त्यांना लेक हायवाथा वस्तीतल्या घरी सोडलं होतं तेवढंच. आता त्या आपल्या घरी येणार होत्या.

ड्रायर घरी आणायला शेजारचे संग्राम आणि सुवर्णा आले. दोघंही आयटीतले, नागपूरचे, पद्मिनीपेक्षा पुष्कळ लहान. मिनीव्हॅनमधून तो अवजड डोलारा उतरवून तळघराच्या जिन्याने खाली नेताना संग्राम घामाघूम झाला.

"काकू, हे नक्की काय आहे? स्पेसशिप?"

"केस वाळवायचं यंत्र आहे. जपून, काच आहे पुढे."

"तुम्ही रिटायर झालात ना काकू?" सुवर्णाने विचारलं.

"झाले की. पण एक बाई येतात माझ्याकडे. गुरुवारी."

'येतात' हे तिने इतक्या सहज म्हटलं, की तिचं तिलाच ते खरं वाटलं. तिने तळघर झाडून पुसून काढलं. कपडे धुवायच्या सिंकला हाताने धरायचा फवारा बसवून घेतला. श्रीरामच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जुन्या अभ्यासाच्या टेबलावर आरसा उभा केला आणि रोलर आकारांप्रमाणे लावून ठेवले. श्रीराम असता तर त्याला हे आवडलं नसतं. माणूस वाईट नव्हता, पण बायको लोकांचे केस करते हे त्याने सांगलीला कधी कळवलं नाही. पत्रात 'पद्मिनी नोकरी करते' एवढंच असायचं, आणि सासूबाईंनी ती शाळेत शिकवते असं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. इथल्या मराठी मंडळातल्या बायकाही तशाच. गणपतीत मुलींना नऊवारी नेसवली की "पद्मिनीताई, जरा खोपा घालून द्या ना" म्हणायच्या आणि स्वतःचे केस कापायला गुपचूप दुसरीकडे जायच्या. तिला त्याचं आता काही वाटत नसे. आठ वर्षांपूर्वी श्रीराम गेला, नकुल नोकरीसाठी सिएटलला गेला, आणि ज्याचं वाईट वाटून घ्यावं असं माणूसच घरात राहिलं नाही.

पहिल्या गुरुवारी तिने शंकरपाळे केले. मिसेस ग्रेट्झना गोड आवडायचं. दहा वाजता, त्यांच्या नेहमीच्या वेळी, ती खिडकीशी येऊन बसली. दुपारी तिने गार झालेली कॉफी ओतून टाकली आणि पुन्हा नवी केली. संध्याकाळी वाटलं, आज नसेल जमलं. आपण 'केव्हाही' म्हटलंय, शुक्रवारी येतील.

शुक्रवारी ती दूध आणायला गेली तीसुद्धा धावतपळत. आपण बाहेर आणि त्या दारात, असं नको व्हायला. केव्हाही या म्हणून बसलेल्या माणसाला मग कधीच घराबाहेर पडता येत नाही, हे तिला त्या आठवड्यात कळलं. देवळातली रविवारची आरती चुकली. वीकेंडला नकुलचा फोन आला.

"आई, यू शुड गेट आउट मोअर. घरात एकटी काय करतेस? कम लिव्ह विथ अस."

"मला कुठे वेळ आहे रे? गुरुवारी माझ्याकडे बाई येतात."

"कोण बाई?"

"मिसेस ग्रेट्झ. तू लहान असताना तुला चॉकलेट पाठवायच्या बघ."

"ओ. दॅट्स नाइस," नकुल म्हणाला. त्याला त्या आठवत नव्हत्या हे उघड होतं.

दुसरा गुरुवार गेला. तिसरा गेला. झाडं लाल झाली आणि गळायला लागली. मिसेस ग्रेट्झच्या घरचा नंबर फोनबुकात सापडला असता. पण फोन करायचा म्हणजे काय म्हणायचं? या ना, मी वाट बघतेय? ते गळ्यात पडल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. त्यांनी नवी जागा शोधली असेल, आणि त्या अवघडून काहीतरी सबब सांगतील, आणि ती आपल्याला ऐकावी लागेल. त्यापेक्षा न बोललेलं बरं. कधी कधी ती दिवसा तळघरात जाऊन ड्रायर सुरू करायची आणि त्याची घरघर ऐकत शेजारच्या खुर्चीत बसून राहायची. त्या आवाजात घरात कोणीतरी आहे असं वाटायचं.

अशीच ती बसलेली असताना सुवर्णा डबा परत द्यायला आली आणि दार उघडं पाहून खालीच उतरली. रांगेत लावलेले रोलर, घडी घातलेले टॉवेल, आणि रिकाम्या ड्रायरशेजारी बसलेल्या काकू.

"काकू, त्या तुमच्या गुरुवारच्या बाई?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "आल्याच नाहीत गं. महिना होऊन गेला. मी एवढं सांगितलं होतं त्यांना, केव्हाही या म्हणून."

"केव्हाही म्हणजे? डेट, टाइम काही दिला नाही?"

"घरच्या माणसाला कोणी टाइम देतं का?"

सुवर्णाने कपाळाला हात लावला. "काकू! तुम्ही तीस वर्षं इथे राहताय ना? अहो, माझ्या ऑफिसात सगळेच म्हणतात, वुई शुड डू लंच समटाइम. पहिल्या वर्षी मी खरंच वाट बघत बसायची, यार! इथे एनीटाइम म्हणजे नुसतं बाय म्हणायची पद्धत आहे. त्यांना वाटलं असणार, तुम्ही आपलं चांगलं बोलून कटवलं."

पर्स उघडून, मिटून 'कधी येऊ' असं विचारणाऱ्या मिसेस ग्रेट्झ पद्मिनीला जशाच्या तशा दिसल्या. त्यांनी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. बावीस वर्षं गुरुवारी दहा वाजता येणाऱ्या बाईला 'गुरुवारी दहा' एवढंच ऐकायचं होतं, आणि आपण मोठेपणाने सगळं घर देऊन टाकलं आणि वेळ तेवढी दिली नाही. तिला स्वतःचा राग आला, मग रडू आलं. सुवर्णाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या गुरुवार आहे काकू. तुम्हीच जा ना."

गुरुवारी तिने रोलर, लोशन, जाळी, स्प्रे सगळं पिशवीत भरून गाडीत टाकलं. लेक हायवाथातली ती गल्ली तिला दोन चुकीच्या वळणांनंतर सापडली. पिशवी तिने आधी गाडीतच राहू दिली. एकदम सामान घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही.

दार उघडलं ते मिसेस ग्रेट्झनीच. क्षणभर पद्मिनीला वाटलं, ही त्यांची बहीण असावी. फुगा नव्हता. पोरासारखे बारीक कापलेले पांढरेशुभ्र केस, चिंब ओले, आणि खांद्यावर टॉवेल.

"पॅम! अगं बाई! ये, आत ये. आणि रागावू नकोस."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांनी तिला बसवलं आणि समोर बसल्या. पद्मिनीला चमत्कारिक वाटलं. इतकी वर्षं दोघी आरशात बघून बोलल्या होत्या. समोरासमोर पाहिलं तर मिसेस ग्रेट्झच्या गालावरचा तीळ भलत्याच बाजूला होता.

"आधी मी स्कार्फ बांधून बसले," मिसेस ग्रेट्झ सांगू लागल्या. "म्हटलं, पॅम फोन करून वेळ सांगेल. मग वाटलं, तू निवृत्त झालीस, तुझ्या मागे कशाला लागायचं? एक दिवस घरी धुवून पाहिले. हात मागे पोहोचेना. इथे सिंकपाशी उभी राहून रडले, खरं सांगते. शेवटी मॉलमध्ये गेले आणि त्या पोरीला म्हटलं, काढून टाक सगळे."

"छान दिसतायत," पद्मिनी म्हणाली. आणि वाईट म्हणजे, ते छान दिसत होते. चेहरा मोकळा झाला होता.

"आणि ऐक तर!" मिसेस ग्रेट्झ पुढे झुकल्या. एवढ्या उत्साहात तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "डॉक्टर किती वर्षं मागे लागला होता, खांद्यासाठी पाण्यातले व्यायाम करा म्हणून. आता जाते. गुरुवारी सकाळचाच क्लास आहे, दिवस रिकामाच होता ना. आज मी डोकं पाण्याखाली घातलं, पॅम. पूर्ण! लग्नानंतर पहिल्यांदा." त्या थांबल्या. "वॉल्टर दर उन्हाळ्यात समुद्रात जायचा. लाटेतून मला हाका मारायचा, ये म्हणून. मी आपली स्कार्फ बांधून वाळूत बसून हात हलवायचे. केस खराब होतील म्हणून. बघ ना, काय बाई असतं माणूस."

पद्मिनीने हसायचा प्रयत्न केला. तिला आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता. पण त्याच्या जोडीला काहीतरी दुखतही होतं. ज्या डोक्याची इतकी काळजी वाहिली ते डोकं इतकी वर्षं पाण्याबाहेर आपणच धरून ठेवलं होतं की काय, असं तिच्या मनात आलं. त्यांचे ओले केस आजवर तिने एकटीने पाहिले होते, वॉल्टरनेसुद्धा नाही. आता त्या पोहण्याच्या तलावावरच्या कुणालाही ते दिसत होते. बाईंना तिची गरज उरली नव्हती, आणि त्याबद्दल त्या किती खूश होत्या!

"पण तू एवढ्या लांब कशी आलीस?" मिसेस ग्रेट्झनी विचारलं. "काही काम होतं का?"

गाडीतली पिशवी, तळघरातला ड्रायर, शंकरपाळे, सगळं तिच्या ओठांवर आलं.

"नाही, सहजच," पद्मिनी म्हणाली. "इकडून जात होते."

"बरं केलंस. कॉफी करते हं." पण मिसेस ग्रेट्झ उठल्या नाहीत. हाताला काम नसताना काय बोलायचं, याची दोघींनाही सवय नव्हती. केसांतून पाण्याचा एक ओघळ निघून त्यांच्या मानेवरून कॉलरमध्ये गेला, आणि त्या शहारल्या.

"असे ओले ठेवू नका. सर्दी होईल," पद्मिनी म्हणाली. ती उठली, त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि खांद्यावरचा टॉवेल उचलून तिने केस पुसायला घेतले. मिसेस ग्रेट्झनी मान किंचित पुढे झुकवली आणि डोळे मिटले. कानामागून, मानेवरून, टाळूवरून पद्मिनीचे हात आपल्या वाटेने फिरत राहिले. बोटांत धरायला काही सापडत नव्हतं. एवढेसे केस, ते दोन-तीन मिनिटांतच कोरडे झाले.

मिसेस ग्रेट्झना ते कळलं असणार. पण त्यांनी मान वर केली नाही, आणि पद्मिनीनेही टॉवेल खाली ठेवला नाही.